पडद्यावरचे बोट : शोध की नवलाई?

शाळेत नवे यंत्र आले की शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आता शिकवण्याची रीतच बदलणार." दुसरा म्हणतो, "नव्याचे नऊ दिवस. पुढच्या वर्षी त्यावर धूळ बसलेली असेल." रेडिओ आला तेव्हा हे झाले, दूरचित्रवाणी संच आला तेव्हा झाले, संगणक आला तेव्हाही झाले. आज बोटाने चालणाऱ्या फळ्याबद्दल हीच चर्चा चालू असते. वाद करमणुकीचा वाटला तरी त्यात पैसा गुंतलेला असतो. अशा एका फळ्याच्या किमतीत प्रयोगशाळेचे कितीतरी साहित्य येते किंवा ग्रंथालयाची दोन कपाटे भरतात. म्हणून 'हा खरा शोध की नुसती चमक?' हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी सोडवावा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे टक लावून पाहिल्याने मिळत नाही, असे आम्हाला वाटते. त्यासाठी यंत्राचा इतिहास पाहावा लागतो. या लेखात आपण एकाच उपकरणाची कथा पाहू. ते म्हणजे स्पर्शाने चालणारा पडदा, अर्थात टचस्क्रीन. हे उपकरण निवडण्याचे कारण असे की गेल्या साठ वर्षांत ते कधी शोध ठरले, कधी नवलाई ठरले, पुन्हा शोध ठरले आणि काही ठिकाणी तर धोकाही ठरले. बोटाने स्पर्श करायचा, ही कल्पना मात्र या सगळ्या काळात बदलली नाही. मग बदलले काय?

यंत्राशी बोलायचे कसे?

माणूस आणि संगणक यांच्यामधल्या दुव्याला 'इंटरफेस' म्हणतात. माणसाची इच्छा यंत्राला कळवणे आणि यंत्राचे उत्तर माणसाला समजेल असे दाखवणे, ही त्याची दोन कामे. सुरुवातीचे संगणक छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून आज्ञा घेत. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि काही तासांनी छापील उत्तर घेऊन जायचे, असा व्यवहार होता. पुढे टंकलेखन यंत्राचा कळफलक संगणकाला जोडला गेला. हा कळफलक काही संगणकासाठी जन्मलेला नव्हता. अमेरिकेत १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, त्याची अक्षररचना थोड्या फरकाने आजही इंग्रजी कळफलकावर दिसते. तयार होती म्हणून ती घेतली गेली आणि सवयीची झाली म्हणून टिकली.

पडद्यावरील जागा दाखवण्याची गरज प्रथम रडारच्या कामात भासली. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी १९५० च्या दशकात उभारलेल्या 'सेज' यंत्रणेत कर्मचारी पडद्यावरील ठिपक्यावर पिस्तुलासारखे दिसणारे प्रकाशसंवेदी उपकरण रोखत. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा कार्यक्रम तयार केला. त्यात प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेषा काढता येई, आणि ती सरळ करणे, दुसरीला समांतर ठेवणे ही कामे संगणक करी. संगणकाला आज्ञा लिहून देण्याऐवजी बोट दाखवून सांगता येते, हे यातून स्पष्ट झाले. पण हातात लेखणी धरावी लागे, तिची तार सांभाळावी लागे. लेखणीशिवाय, नुसत्या बोटाने हे करता येईल का?

नाव बदलणारी कळ

या प्रश्नाचे पहिले नोंदलेले उत्तर इंग्लंडमधील माल्व्हर्न या गावातून आले. तेथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली स्पर्शपडद्याविषयी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर विमानवाहतूक नियंत्रकाचे काम होते. नियंत्रकाला विमानाची सांकेतिक नावे, उंची, मार्ग ही माहिती संगणकाला सतत द्यावी लागते. ती टंकित करायची म्हणजे वेळ जातो, चूक होते आणि तेवढा वेळ नजर पडद्यावरून हटते. जॉन्सन यांनी असे पाहिले की कोणत्याही क्षणी नियंत्रकापुढे पर्याय मोजकेच असतात. मग ते पर्यायच पडद्यावर लिहावेत आणि हवा त्यावर बोट ठेवू द्यावे. पडद्याच्या पुढच्या बाजूस तारांची टोके बसवली की बोट लागताच तेथील विद्युतधारिता बदलते आणि कोणत्या टोकाला स्पर्श झाला हे संगणकाला कळते.

युरोपातील 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच पेच निर्माण झाला. तेथे सुमारे ७ किलोमीटर परिघाचा 'सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन' हा कणत्वरक उभा राहत होता. जुन्या पद्धतीने त्याचा नियंत्रण कक्ष बांधायचा तर भिंतभर कळा, दांडे आणि दिवे लागले असते. फ्रँक बेक आणि बेंट स्टुंप यांनी वेगळा मार्ग काढला. काचेवर तांब्याच्या अतिशय बारीक रेषा कोरून त्यांनी धारित्रे तयार केली आणि त्यांतून १६ 'कळा' असलेला पारदर्शक पडदा बनवला. कळा १६ च, पण त्यांची नावे संगणक बदलणार. चुंबकांचे काम चालू असेल तर चुंबकांची नावे, निर्वात पंपांचे काम असेल तर पंपांची. १९७६ साली कणत्वरक सुरू झाला तेव्हा हे पडदे नियंत्रण कक्षात कामाला लागले होते.

येथे थोडे थांबून पाहू. माल्व्हर्न आणि सर्न या दोन्ही ठिकाणी कोणी 'बोटाने काहीतरी करून दाखवू' म्हणून निघाले नव्हते. शेकडो पर्यायांतून या क्षणी लागणारे दहा-पंधरा समोर आणायचे, ही अडचण आधी होती आणि पडदा नंतर आला. शोधाचे मर्म बोटात नव्हते. ज्या कळेचे नाव बदलता येते अशी कळ मिळाली, हे त्याचे मर्म होते.

उर्बाना येथील वर्ग

शिक्षकांना विशेष जवळचे वाटेल असे उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे आहे. उर्बाना येथे डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० सालापासून 'प्लेटो' नावाची संगणकाधारित शिक्षणाची यंत्रणा विकसित केली. तिची चौथी आवृत्ती १९७२ साली आली. तिच्या पडद्यावर ५१२ गुणिले ५१२ ठिपके होते आणि ते नारिंगी रंगात उजळत. हा प्लाझ्मा पडदा बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली खास याच कामासाठी शोधला होता. पडद्याच्या कडांना अवरक्त किरणांचे दिवे आणि समोरच्या कडांना ते किरण टिपणारे संवेदक बसवले होते. त्यामुळे पडद्यासमोर आडव्या-उभ्या १६ गुणिले १६ अदृश्य किरणांची जाळी तयार होई. बोटाने एक आडवा आणि एक उभा किरण अडवला की बोटाची जागा कळे.

याचा उपयोग कोणाला? ज्याला अजून अक्षरे जोडता येत नाहीत आणि टंकलेखन तर मुळीच येत नाही अशा लहान मुलाला. वाचनाच्या पाठात पडद्यावर चित्रे आणि शब्द येत, मुलाने योग्य जागी बोट ठेवायचे. कळफलकापुढे बसवले असते तर त्या मुलाची परीक्षा कळ शोधण्यातच झाली असती. स्पर्शपडद्याने वाचन आणि टंकलेखन या दोन अडचणी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. मोठ्या विद्यार्थ्यांचे बहुतेक पाठ मात्र कळफलकावरच चालत, कारण त्यांना उत्तरे लिहायची असत. एकाच यंत्रात दोन्ही सोयी होत्या आणि काम पाहून सोय निवडली जात होती.

प्लेटोची यंत्रणा महाग होती आणि तिला मोठ्या मध्यवर्ती संगणकाची गरज असे. ती प्रत्येक शाळेत पोचली नाही यात नवल नाही. पण ती का पोचली नाही आणि ती उपयोगाची होती की नाही, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. आपण पुष्कळदा ते एकत्र करतो.

दुखणारा हात

आता कथेतील वाईट दिवसांकडे वळू. १९८३ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने 'एचपी-१५०' हा वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याला ९ इंची पडदा होता आणि पडद्याच्या चौकटीत प्लेटोसारखीच अवरक्त किरणांची योजना होती. जाहिरातीचा सारा भर स्पर्शावर होता. दुकानात पाच मिनिटे पाहणाऱ्याला ते भारी वाटे. कार्यालयात दिवसभर बसणाऱ्याचा अनुभव निराळा होता.

पहिली अडचण हाताची. टेबलावर उभ्या ठेवलेल्या पडद्याला वारंवार स्पर्श करायचा म्हणजे हात अधांतरी धरावा लागतो. काही मिनिटांत खांदा भरून येतो. संगणकाच्या व्यवसायात या दुखण्याला 'गोरिलाचा हात' असे गमतीदार नाव पडले. फळ्यावर तासभर लिहिणाऱ्या शिक्षकांना ते वेगळे समजावून सांगायला नको. दुसरी अडचण बोटाच्या जाडीची. बोटाखाली दोन-तीन अक्षरे सहज झाकली जातात. ज्यावर बोट ठेवायचे तेच दिसेनासे होते. तिसरी अडचण साधी, पण रोजची. चौकटीतील किरणांच्या भोकांत धूळ साठे. चौथी अडचण सर्वांत मोठी. कार्यालयातील काम पत्रे लिहिण्याचे आणि आकड्यांचे तक्ते भरण्याचे होते. हात कळफलकावर असताना तो उचलून पडद्याकडे नेण्यात काही लाभ नव्हता. बहुतेक कार्यक्रमही कळफलक गृहीत धरून लिहिलेले होते.

याच सुमारास एक प्रतिस्पर्धी पुढे आला, तो म्हणजे माऊस. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी लाकडी ठोकळ्याचा पहिला माऊस १९६४ च्या सुमारास बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर प्रयोगात दाखवला. १९८४ साली 'मॅकिंटॉश' संगणकाबरोबर तो सर्वसामान्यांच्या टेबलावर आला. माऊस चालवताना हात टेबलावर टेकलेला राहतो, आणि बाणाचे टोक एका ठिपक्याएवढ्या जागेवर नेता येते. माऊस पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोही अनेकांना खेळणेच वाटला होता. टेबलावरच्या कामात मात्र तो बोटापेक्षा सरस ठरला.

मोटारीतील प्रयोगही बोलका आहे. जनरल मोटर्सने १९८६ च्या 'ब्यूक रिव्हिएरा' या गाडीत रेडिओ, वातानुकूलन वगैरेंचे नियंत्रण एका स्पर्शपडद्यावर दिले. चालक कळ चाचपून ओळखू शकतो, काचेवर चाचपण्यासारखे काही नसते. प्रत्येक वेळी रस्त्यावरची नजर पडद्याकडे वळवावी लागे. ग्राहकांनी नाराजी दाखवली आणि १९९० च्या गाडीत पुन्हा साध्या कळा आल्या. १९९० साली कोणी विचारले असते, 'स्पर्शपडदा हा शोध की नवलाई?' तर बहुतेक जाणकारांनी 'नवलाई' असेच उत्तर दिले असते. ते अगदीच चूक होते असेही म्हणता येत नाही.

पडदा तळहातावर आला

बाजारात नाव खाली गेले तरी प्रयोगशाळांत काम चालूच होते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ साली अशी रचना केली की एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्श संगणकाला ओळखता यावेत. दुधी काचेमागे कॅमेरा ठेवून त्यांनी हे साधले. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक छोटी युक्ती मांडली. बोट टेकताच निवड पक्की करायची नाही. बोटाच्या किंचित वर एक खूण दाखवायची, बोट सरकवून ती हव्या जागी आणू द्यायची आणि बोट उचलल्यावरच निवड मान्य करायची. चुका कमी झाल्या. काचेत किंवा तारांत काहीही बदल झाला नव्हता. बदलला होता तो फक्त नियम. आपल्या हातातील फोनवर अक्षर चुकीचे दाबले गेले तर बोट न उचलता शेजारच्या अक्षरावर सरकवून पाहा. त्याच नियमाचा वंश तिथे दिसेल.

हाती धरण्याच्या उपकरणांचाही इतिहास चढउतारांचा आहे. ॲपल कंपनीचे 'न्यूटन' हे उपकरण १९९३ साली आले. माणसाचे हस्ताक्षर वाचण्याचा त्याचा दावा होता, पण पहिल्या आवृत्तीत इतक्या चुका झाल्या की तो टिंगलीचा विषय बनला. १९९६ साली आलेल्या 'पाम पायलट'ने उलटा मार्ग धरला. यंत्राला सर्वांचे अक्षर शिकवण्याऐवजी त्याने माणसाला काही सोपी, ठरावीक वळणे शिकायला लावली. दावा लहान होता, म्हणून तो पूर्ण झाला आणि उपकरण खपले.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांनी आपले मार्गदर्शक जॉन एलायस यांच्यासह अनेक बोटांचे स्पर्श ओळखणारे पृष्ठ विकसित केले. सततच्या टंकलेखनाने वेस्टरमन यांचे हात दुखत असत, हे त्यामागचे एक कारण होते. त्यांची 'फिंगरवर्क्स' ही कंपनी ॲपलने २००५ साली विकत घेतली आणि ९ जानेवारी २००७ रोजी 'आयफोन' जाहीर झाला. जॉन्सन यांच्या लेखाला तेव्हा ४२ वर्षे होत होती.

२००७ साली काय बदलले ते नीट पाहू. पडदा टेबलावरून तळहातावर आला, त्यामुळे अधांतरी हाताचे दुखणे उरले नाही. उपकरण इतके लहान झाले की त्यावर वेगळ्या कळांना आणि माऊसला जागाच नव्हती. पडद्यावरील प्रत्येक गोष्ट बोटाच्या आकाराची आखली गेली. चित्र मोठे करायला दोन बोटे पसरायची, यादी पुढे न्यायला बोट सरकवायचे, असे नियम पहिल्यापासून ठरवून सारे कार्यक्रम लिहिले गेले. एचपी-१५० च्या चारही अडचणी अशा एकेक करून सुटल्या. बोट तेच होते. त्याच्याभोवतीचे सारे बदलल्यावर नवलाईचा शोध झाला.

काचेत काय घडते?

विज्ञानाच्या तासाला हा विषय चांगला रंगतो, म्हणून थोडे विवेचन करू. स्पर्शपडद्याचे दोन प्रकार विशेष प्रचारात आले. पहिला रोधाधारित. त्यात दोन पारदर्शक वाहक थर असतात आणि मध्ये बारीक पोकळी असते. दाब दिला की थर एकमेकांना टेकतात. एका थराच्या दोन कडांना विभवांतर दिलेले असते. जिथे थर टेकले तिथला विभव मोजला की कडेपासूनचे अंतर मिळते. हा आपल्या पाठ्यपुस्तकातील विभवविभाजकच आहे. अमेरिकेत सॅम हर्स्ट यांनी १९७० च्या दशकात या प्रकारचा पाया घातला. त्याला दाब लागतो, मग तो बोटाचा असो, नखाचा असो की पेन्सिलीचा.

दुसरा प्रकार धारिताधारित. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या छेदाजवळ धारित्र तयार झालेले असते. आपले शरीर विद्युतवाहक आहे. बोट जवळ आले की तेथील धारिता किंचित बदलते. येथे दाबाची गरज नसते. आजच्या बहुतेक फोनमध्ये हा प्रकार असतो. वर्गात सोपा प्रयोग करता येईल. फोनच्या पडद्यावर प्लॅस्टिकचे पेन फिरवा, काही होणार नाही. जाड लोकरी मोजा घातलेले बोट लावा, बहुधा काही होणार नाही. हातात काकडीचा तुकडा धरून त्याने स्पर्श करा, पडदा चालेल. असे का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

या दोन प्रकारांतील फरक आपल्या देशात एकदा फार ठळकपणे दिसला. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त टॅब्लेट म्हणून 'आकाश' ५ ऑक्टोबर २०११ रोजी जाहीर झाला. किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास ठेवण्यासाठी पहिल्या आवृत्तीत रोधाधारित पडदा आणि मंद गतीचा प्रक्रियक होता. बोट दाबूनही पडदा वेळेवर प्रतिसाद देत नाही, अशी टीका झाली. पुढे हे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारित 'आकाश-२' धारिताधारित पडद्यासह आला. पण तोवर बाजारातील फोन आणि टॅब्लेटही झपाट्याने स्वस्त होत होते, आणि योजना मागे पडली. विद्यार्थ्याच्या हाती स्वस्त उपकरण द्यावे हा हेतू योग्यच होता. मात्र दर स्पर्शाला अडखळणारा पडदा विद्यार्थ्याची उमेद घालवतो, ही गोष्ट किमतीच्या आकड्यात दिसत नाही.

मराठीचा हिशेब

स्पर्शपडद्याच्या जमाखर्चात एक जमा बाजू अशी आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या असत आणि त्या इंग्रजीच्या २६ अक्षरांच्या हिशेबाने ठरलेल्या. देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे त्यांत बसवण्यासाठी अक्षरांचे अर्धे तुकडे करावे लागले. संगणकावर ही अडचण सोडवण्याचे मोठे काम आपल्याकडे झाले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' ही समान कळरचना १९८६ साली ठरली. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, अशी ती तर्कशुद्ध मांडणी आहे. तरीही दुकानातून आणलेल्या कळफलकावर बहुधा इंग्रजी अक्षरेच छापलेली असत. मराठी लिहायचे तर रचना पाठ करायची किंवा कळांवर चिकटपट्ट्या लावायच्या.

पडद्यावरच्या कळांना हे बंधन नाही. सर्नच्या नियंत्रण कक्षातील ती नाव बदलणारी कळ आठवा. तीच येथे उपयोगी पडली. एका स्पर्शात इंग्रजी अक्षरे जाऊन देवनागरी येतात, 'क' दाबला की त्याची बाराखडी समोर येते. बोटाने पडद्यावर अक्षर गिरवूनही लिहिता येते. कधी टंकलेखनाच्या वर्गाला न गेलेली माणसे आज फोनवर मराठीत निरोप लिहितात. इंग्रजीत भराभर टंकित करणाऱ्याला काचेवरची कळ ही पीछेहाट वाटेल, कारण त्याचा वेग कमी होतो. ज्याच्या भाषेला कळच नव्हती त्याच्यासाठी ती पहिली सोय आहे. तेव्हा 'शोध की नवलाई' याबरोबरच 'कोणासाठी?' हेही विचारायला हवे.

जिथे कळच हवी

हाच प्रश्न उलट बाजूनेही विचारता येतो. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली. १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. या नौकेवर सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण स्पर्शपडद्यांवर होते आणि ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येत असे. गर्दीच्या सागरी मार्गावर ही हलवाहलव करताना सुकाणू कोणत्या पडद्याकडे गेले हेच कर्मचाऱ्यांना कळेना. सुकाणू निकामी झाले असा त्यांचा समज झाला. वेग कमी करताना दोन पंख्यांपैकी एकाचाच वेग कमी झाला, कारण पडद्यावर दोन्हींचे नियंत्रण जोडलेले नव्हते. नौका एका अंगाला वळली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात अपुरे प्रशिक्षण आणि देखरेखीतील उणिवा यांबरोबर या पडद्यांच्या रचनेवरही बोट ठेवले. त्याच वर्षी नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा यांत्रिक दांडे बसवण्याचा निर्णय जाहीर केला. दांडा कोठे आहे हे पाहूनही कळते आणि हातालाही कळते. काच प्रत्येक ठिकाणी सारखीच लागते.

अंध व्यक्तींची अडचण याच स्वरूपाची आहे. सपाट काचेवर चाचपण्यासारखे काही नसल्याने सुरुवातीचे स्पर्शफोन त्यांना जवळजवळ बंदच होते. २००९ साली आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' ही सोय आली. बोट फिरवत गेले की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. मग तेच उपकरण अनेक अंध व्यक्तींना आधार वाटू लागले. आपल्या मतदान यंत्राचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. त्यावर स्पर्शपडदा नाही. प्रत्येक उमेदवारासमोर एक कळ आहे आणि शेजारी ब्रेलमधील अंक आहेत. कळ दाबल्याचे हाताला कळते, दिवा लागतो, आवाज होतो. काम एकच आणि तेही निःसंदिग्ध झाले पाहिजे, तेव्हा साधी कळ उत्तम. मोटारींच्या बाबतीतही चक्र फिरते आहे. युरोपातील मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२४ साली जाहीर केले, की २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर दिशादर्शक दिवे, भोंगा, काचपुसणी यांसारख्या गोष्टींना स्वतंत्र कळा किंवा दांडे असावे लागतील. ब्यूकच्या ग्राहकांची तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची तक्रार येथे नियमात उतरली.

फळ्यापुढे उभे राहून

आता पुन्हा शाळेत येऊ. बोटाने किंवा लेखणीने चालणारे संगणकीय फळे १९९१ पासून बाजारात आहेत. इंग्लंडमध्ये २००० नंतर सरकारने ते मोठ्या प्रमाणावर शाळांना पुरवले. लंडनच्या माध्यमिक शाळांतील गणित, विज्ञान व इंग्रजीच्या वर्गांत झालेल्या अशा पुरवठ्याचा अभ्यास लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेने केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. फळे आले त्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्यांच्या निकालावर त्यांचा परिणाम दिसून आला नाही. फळ्याचा उपयोग विषय, शिक्षक आणि अध्यापनाची पद्धत यांनुसार फार बदलत होता. मुले उठून फळ्याला बोट लावत होती, पण बोट लावणे म्हणजे विचार करणे नव्हे.

यावरून फळे निरुपयोगी ठरवणे हा एचपी-१५० पाहून स्पर्शपडदा निकालात काढण्यासारखा प्रकार होईल. फिरवता येणारी घनाकृती, हळूहळू वाढवता येणारा त्रिज्येचा मान, आलेखावर सरकवता येणारा बिंदू अशा कामी तो फळा खरोखर उपयोगी पडू शकतो. पण तोच फळा केवळ पाठ्यपुस्तकाची पाने मोठी करून दाखवत असेल, तर त्याचे काम खडूचा फळा आणि पुस्तक मिळून आधीपासून करत आलेले आहेत.

म्हणून खरेदीची चर्चा निघेल तेव्हा शिक्षकांनी चार गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवतो. आजची कोणती अडचण यामुळे सुटणार आहे? ती अडचण यंत्राचे नाव न घेता सांगता आली पाहिजे. दुसरी, हे कोणाच्या हातात असणार? शिक्षकाच्या, पुढच्या बाकावरील चार मुलांच्या, की सर्वांच्या? तिसरी, या यंत्रासाठीच तयार केलेले मराठी पाठ उपलब्ध आहेत का, की जुनेच पाठ पडद्यावर चढवले आहेत? आणि चौथी, वीज गेली, धूळ बसली, स्पर्श अडखळू लागला तर काय? विक्रेत्याचे प्रात्यक्षिक दहा मिनिटांचे असते. यंत्र पंधरा दिवस शाळेत ठेवून घ्यावे, तीन वेगवेगळ्या शिक्षकांना ते रोजच्या तासाला वापरू द्यावे आणि पंधराव्या दिवशी ते कितीदा सुरू केले गेले याची नोंद पाहावी. नव्याचे नऊ दिवस तोवर उलटून गेलेले असतील.